एसी उतरवायला आलेल्या मुलाचा पट्टा मी धरून उभी होते. तुम्ही काय केलं असतं?

तिरफळ | १९ एप्रिल, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी,

घर बदलतोय (ठाण्यातल्या ठाण्यातच). परवा दोन एसी उतरवायला एक मुलगा आला होता. जुनी बिल्डिंग, पाचवा मजला. बेडरूमचं आउटडोअर खिडकीबाहेर डाव्या अंगाला, भिंतीत ठोकलेल्या ब्रॅकेटवर. बसवलं तेव्हा बिल्डिंगचं रंगकाम चालू होतं, बांबूची परांची होती. आता अर्थातच नाही.

मुलगा एकटाच आला. पिशवीत पाने, ऍलन की, एक सुंभाची दोरी. ग्रिलचं दार उघडलं, चपला काढल्या, एक पाय छज्जावर, दुसरा ब्रॅकेटवर ठेवला आणि मला म्हणाला, "ताई, जरा मागून पट्टा धरता का?"

मी धरला. माझं वजन ५४, त्याचं सत्तरच्या पुढे. तो गेला असता तर मी फार तर सोबतीला गेले असते. त्या पट्ट्याची मागची शिवण उसवली होती, तीन टाके सुटले होते. ते तीन टाके मी दहा मिनिटं बघत होते.

मध्येच तो "बंद करा, एसी बंद करा" म्हणून जोरात ओरडला. एका हातात पट्टा, रिमोट सापडेना, सगळं सामान खोक्यांत. शेवटी उशीच्या अभ्र्यात सापडला. अर्धा मिनिट तरी गेला असेल. तो इतका का ओरडला ते मला अजून कळलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात नव्या घरी हेच दोन एसी लावायचेत, अकरावा मजला. आपण घरातल्यांनी नक्की काय बघायचं, काय विचारायचं, कुठे अडून बसायचं? की हे त्याचं काम आहे, आपण चहा करावा आणि गप्प बसावं?

---

टवाळ_कार्टं | १९ एप्रिल, रात्री १०:२०

पट्टा धरून ठेवलात म्हणून पँट तरी वाचली. हलके घ्या.

---

चिमणचारा | १९ एप्रिल, रात्री १०:३१

बापरे, वाचतानाच तळपायाला घाम फुटला. आमच्याकडे अगदी हेच, फक्त पट्ट्याऐवजी माझ्या सासऱ्यांनी त्याचा शर्ट धरला होता. सासरे ७६ वर्षांचे.

---

स्पष्टच_सांगतो | १९ एप्रिल, रात्री १०:५५

मत कडू वाटेल, पण सांगतो. तो त्याच्या धंद्याचा भाग आहे. रंगारी लटकतात, काच पुसणारे लटकतात. प्रत्येकाला आपण हार्नेस (पडू नये म्हणून अंगाला बांधायचा पट्टा) विचारत बसलो तर कामं कधी व्हायची? तुम्ही पैसे दिलेत, त्याने काम केलं. खरा धोका निराळा आहे. हल्ली एसीत जो आर-३२ गॅस येतो तो पेट घेतो. घरात बॉम्ब टांगून झोपतोय आपण आणि चर्चा पट्ट्याची!

---

कुसुमावती | १९ एप्रिल, रात्री ११:१०

स्पष्टच_सांगतो, "धंद्याचा भाग" हे वाक्य त्या मुलाच्या आईसमोर म्हणून बघा.

आमच्या वेळी ऑफिसात फक्त साहेबांच्या केबिनला एसी असे, तो विंडो. निम्मा खिडकीत, निम्मा बाहेर. काम निघालं की चार शिपाई मिळून तो आत ओढून टेबलावर ठेवत. आवाज गिरणीसारखा, पण दुरुस्त करणारा माणूस खोलीच्या आत उभा असे. स्प्लिट आला, आवाज बाहेर गेला, त्याच्यामागे माणूसही बाहेर गेला.

---

गॅसवाला_बंड्या | २० एप्रिल, सकाळी ६:४०

मी या लायनीत १७ वर्षं आहे. आयटीआयला दोन वर्षांचा रेफ्रिजरेशन-एसी मेकॅनिकचा ट्रेड केला, पाच वर्षं कंपनीत, मग स्वतःचं. नवी मुंबई. सीझन चालू आहे, म्हणून सकाळीच लिहितो.

ताई, तो मुलगा का ओरडला ते सांगतो. तो पंप डाउन करत होता. म्हणजे पाइपातला आणि इनडोअरमधला गॅस ओढून आउटडोअरमध्ये कोंडायचा, एसी हलवताना वाया जाऊ नये म्हणून. एसी कूलिंगवर चालू ठेवायचा, आधी बारीक पाइपचा व्हॉल्व्ह ऍलन कीने बंद करायचा. कॉम्प्रेसर गॅस ओढत राहतो, गेजचा (दाब मोजायच्या मीटरचा) काटा खाली येतो. काटा शून्याच्या जरा वर असतानाच जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद आणि त्याच क्षणी एसी बंद. त्याच क्षणी म्हणजे त्याच क्षणी.

उशीर झाला तर पाइपात व्हॅक्यूम होतो. कुठे नट ढिला असेल, व्हॉल्व्ह नीट बसला नसेल, तर बाहेरची हवा आत खेचली जाते. आत कॉम्प्रेसरचं तेल असतं. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो हे माहिती असेल. हवा दाबली की तापते आणि डिझेल आपोआप पेटतं. कॉम्प्रेसरमध्ये हवा आणि तेल एकत्र दाबलं की तसंच होतं, फक्त ते भांडं त्यासाठी बनवलेलं नसतं. ते फुटतं. अशा फुटलेल्या कॉम्प्रेसरमुळे मेकॅनिक मेलेले आहेत. तो मुलगा त्या भांड्यापासून हातभर लांब होता आणि तुम्ही त्याच्या मागे.

म्हणून माझा नियम: पंप डाउन करताना रिमोटवर भरवसा नाही, एमसीबीजवळ (वीज तोडायच्या स्विचजवळ) एक माणूस उभा करायचा. आधीच गॅस गळून गेलेल्या एसीचं पंप डाउन करायचंच नाही. आणि एसी बंद करून, प्लग काढून मगच नटला पाना लावायचा. चालू कॉम्प्रेसरवर नट सोडणारे महाभाग मी बघितलेत.

त्याला गेज होतं का? तुमच्या पिशवीच्या यादीत दिसलं नाही. नसेल तर तो अंदाजाने करत होता.

दुपारी पुन्हा येतो, कॉल आहे.

---

तिरफळ | २० एप्रिल, सकाळी ७:१५

गेज नव्हतं. पाइपावर हात ठेवून बघत होता.

मी आत्ता चहाचा कप खाली ठेवला.

---

दुसरा_नियम | २० एप्रिल, सकाळी ९:०५

बंड्याभाऊ, फार उत्तम लिहिलंत. वाचनखूण साठवली.

स्पष्टच_सांगतो यांच्या "बॉम्ब"वर थोडं. (पेशाने मेकॅनिकल इंजिनिअर, सध्या दोहा.)

जुन्या एसीत आर-२२ असे. तो पेटत नाही, पण ओझोनला खातो, म्हणून माँट्रियल कराराखाली जगभर हद्दपार होतोय. भारतात त्याची मुदत २०३० पर्यंत. मग आर-४१०ए आला. तोही पेटत नाही, पण त्याचा दाब आर-२२ च्या दीडपटीहून जास्त. जुनं गेज आणि जुने पाइप त्याला लावणं हा वेगळाच अपघात. आता आर-३२. हा पेटतो, पण जेमतेम. ज्वाला पुढे सरकते तीही सावकाश. आणि काही एसीत आर-२९० असतो, तो सरळसरळ प्रोपेन. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरातला अर्धा भाऊ.

आता हिशेब करू. १० बाय १२ ची खोली, उंची १० फूट, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. आर-३२ पेटायला हवेत त्याचं प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास जावं लागतं. त्यासाठी त्या खोलीत १० किलो गॅस सोडावा लागेल. दीड टनाच्या एसीत असतो एक किलोच्या आतबाहेर. सगळा गळून खोलीभर पसरला तरी पेटण्यापासून कोसभर लांब. प्रोपेनला मात्र २ टक्के पुरतात, म्हणजे याच खोलीत सव्वा किलो. म्हणूनच त्या एसीत गॅस ३००-३५० ग्रॅमच भरतात. अंतर आहे, पण कोसभर नाही.

यातली मेख "पसरला तर" मध्ये आहे. हे सगळे गॅस हवेपेक्षा जड. गळतीच्या तोंडाशी, जमिनीलगत, बंद डक्टमध्ये प्रमाण कितीही चढू शकतं. झोपलेल्या माणसाला धोका जवळपास नाही. धोका आहे तो पाइपाला ब्रेझिंगचा टॉर्च (पाइप जोडायची ज्योत) लावणाऱ्याला.

---

स्पष्टच_सांगतो | २० एप्रिल, सकाळी ९:४०

बरं, बॉम्ब मागे घेतो. लवंगी म्हणू का?

---

दुसरा_नियम | २० एप्रिल, सकाळी ९:४४

भिजलेली लवंगी.

---

वऱ्हाडी_ठेचा | २० एप्रिल, दुपारी १२:३०

काऊन भाऊ, तुमी सगळे एसीवालेच हाय का इथं? आमच्या अकोल्यात ४५ पार झालं की एसीही हात टेकते. दुपारी आउटडोअरच्या अंगावर उन आलं की कॉम्प्रेसर ट्रिप.

पण खरी गोष्ट सांगतो राजेहो, आमच्याकडं लोकं मरतात ते कूलरनं. पत्र्याचा कूलर, आत पाण्यात पंप, अर्थिंगच्या नावानं बोंब. वायरचं साल पत्र्याला घासून निघते आणि पूर्ण पत्र्यात करंट येते. बाई बादली घेऊन पाणी भराले जाते, पाय ओले, हात पत्र्याले. दर उन्हाळ्यात पेपरात एक तरी बातमी. माह्या मोठ्या बहिणीले असाच झटका बसला होता, नशिबानं मागं फेकल्या गेली, चिकटली नाही.

त्या दिवसापासून आमच्या घरचा कायदा: आधी प्लग काढून तो कूलरच्या डोक्यावर ठेवा, मंग पाणी भरा. नुसतं बटन बंद चालत नाही. प्लग डोळ्याले दिसला पायजे.

---

चिमणचारा | २० एप्रिल, दुपारी १२:४८

बटण बंद का चालत नाही? करंट बंदच होतो ना?

---

दुसरा_नियम | २० एप्रिल, दुपारी १:३०

चांगला प्रश्न. भिंतीवरचं साधं बटण दोन तारांपैकी एकच तोडतं. ती फेज (झटका देणारी जिवंत तार) असली तर ठीक. पण वायरमनने उलटं जोडलं असेल, म्हणजे बटण न्यूट्रलवर आणि फेज सरळ आत, तर बटण बंद केल्यावर कूलर थांबतो, एसी थांबतो, आपल्याला वाटतं सुरक्षित, आणि आत फेज जिवंत. जुन्या घरांत हे सर्रास सापडतं. एसीला डबल पोल एमसीबी लावा, तो दोन्ही तारा तोडतो. नाहीतर ठेचाभाऊंचा कायदा: प्लग डोळ्याला दिसला पाहिजे. एक नंबर वाक्य आहे ते.

एमसीबी आणि आरसीसीबी यांतही लोक गोंधळतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस वाचवत नाही. माणसाला झटका बसताना जो करंट जातो तो एमसीबीच्या खिजगणतीतही नसतो. त्यासाठी आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरचा. करंट गळाला की तो क्षणात पडतो. आणि तो "उगाच पडतो" म्हणून बायपास करून देणारे इलेक्ट्रिशियनही मिळतात. त्यांना चहासुद्धा देऊ नका.

---

सोसायटीचा_सेक्रेटरी | २० एप्रिल, दुपारी ३:१०

आमच्या सोसायटीत गेल्या मेमध्ये बी विंगला मीटर रूमच्या वरच्या फ्लॅटमध्ये सॉकेट पेटलं. दीड टनाचा एसी, तारेचं टोक पोचेना म्हणून एक्स्टेन्शन बोर्डावर. तोही टीव्हीचा, सहा अँपिअरचा. दीड टनाचा एसी सलग सात-आठ अँपिअर ओढतो, रात्रभर. आधी आठवडाभर घरात "मासळीसारखा वास" येत होता म्हणे. शेजाऱ्यांवर संशय! तो वास प्लॅस्टिक तापल्याचा.

शिवाय एमसीबी वारंवार पडतो म्हणून कुणीतरी १६ चा काढून ३२ चा बसवून दिला होता. एमसीबी पडायचा थांबला, मग वायरच पेटली.

माणसं वाचली. पडदे, पलंग, एसी गेलं. पहिलं काम कुणी काय केलं असेल? बादलीभर पाणी. नशीब, तोवर वॉचमनने खालून मेन पाडला होता.

---

टवाळ_कार्टं | २० एप्रिल, दुपारी ३:२२

सेक्रेटरीकाका, आमच्या पुण्यात मासळीचा वास आला तर आधी सोसायटीची मीटिंग बोलावतील, मग एसी बघतील.

---

ह्यूस्टनकर | २० एप्रिल, रात्री ८:०२

इकडची गंमत. आउटडोअर युनिट जमिनीवर, अंगणात. त्याच्या शेजारीच भिंतीवर डिस्कनेक्टची पेटी, तिच्यातला ठोकळा ओढून काढला की वीज तुटली. गॅसला मात्र हात लावायचा नाही, त्यासाठी ईपीएचा (इथल्या पर्यावरण खात्याचा) ६०८ चा परवाना लागतो. त्यामुळे टेक्निशियन नुसता दारात आला तरी बिल सुरू.

गेल्या जुलैत बाहेरचा पंखा फिरेना. टेक्निशियनने फोनवरच जो आकडा सांगितला तो ऐकून मी स्वतःच कॅपॅसिटर (पंखा फिरायला लागणारा, चार्ज साठवणारा डबा) बदलला. वीस डॉलर, वीस मिनिटं. ठोकळा काढला, मीटरने बघितलं, जुन्याचा फोटो काढला, तारा त्याच रंगाने लावल्या. घरोघरी लोक करतात. जमेल तेवढं आपण शिकलंच पाहिजे असं माझं मत. प्रत्येक गोष्टीला "तज्ज्ञ बोलवा" म्हणणं हा आळस आहे.

---

गॅसवाला_बंड्या | २० एप्रिल, रात्री ११:२५

आत्ता घरी आलो, अकरा कॉल झाले.

ह्यूस्टनकर, तुमचं काम बरोबर आहे, कारण तुमचं मशीन जमिनीवर, शेजारी तोडायची पेटी, आणि तुम्ही मीटर लावून बघितलंत. आमच्याकडे मशीन बाहेर लटकलेलं आणि बटण आत बेडरूममध्ये. मी बाहेर हात घालून बसलोय आणि आत आजोबा म्हणतात, "बघू तरी चालू झाला का." एकदा नाही, तीनदा झालंय. म्हणून प्लग काढून खिशात घालता आला असता तर मी घातला असता. आता एमसीबीवर टेप मारतो आणि लिहितो, "माणूस बाहेर आहे".

कॅपॅसिटरचं मात्र इथे वाचून कुणी करायला जाऊ नका. वीज तोडली तरी त्याच्यात चार्ज राहतो. २०१३ साली, वाशीला, मी प्लग काढला होता, सगळं नीट. कॅपॅसिटरच्या पिनेला बोट लागलं. झटका तसा किरकोळ, पण मी चार पायऱ्या वर शिडीवर होतो. शॉकने काही झालं नाही, पडल्याने मनगट मोडलं. अजून थंडीत दुखतं. काही जण स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढतात, मीही काढायचो. आता होल्डरला दोन तारा लावलेला जुना पिवळा १०० चा बल्ब बॅगेत असतो. पिनांना लावला की चार्ज त्याच्यात उतरतो, मग मीटर लावून बघायचं, मग हात.

इन्व्हर्टर एसीचं आउटडोअर तर त्याहून वाईट. त्याच्या पीसीबीवर (सर्किट बोर्डावर) मोठे कॅपॅसिटर, तीनशेच्या वर डीसी. बंद करून दहा मिनिटं थांबायचं, मोजायचं, मगच झाकण. कस्टमर म्हणतो, नुसता बसलाय कशाला?

आणि हो, त्या पीसीबीत पाल मेलेली सापडते. दोन पट्ट्यांच्या मध्ये बरोब्बर आडवी. कस्टमरला हजारोंचा फटका आणि पालीचा जीव.

---

टवाळ_कार्टं | २० एप्रिल, रात्री ११:३१

पाल चुकचुकली, बोर्ड उडाला.

---

खाडीकाठचा | २१ एप्रिल, सकाळी ८:१५

आमच्या मालवणात पाल परवडली, खारो वारो नको. समुद्र घरापासून दोनशे पावलांवर. ब्रॅकेट चौथ्या वर्षी हाताने मोडलं. म्हणजे खरंच हाताने. गंज धरलेला पापडासारखा सुटला. वर पस्तीस-चाळीस किलोचं आउटडोअर आणि खाली आमची दुचाकी लावायची जागा.

बाहेरून रंग छान होता. बोल्टच्या मुळाशी पांढरा-तांबूस फेस दिसत होता, त्याकडे दोन वर्षं दुर्लक्ष केलं. आता स्टेनलेसचं घातलंय, बोल्टही त्याचेच. किनाऱ्यावरच्यांनी (मुंबईकरांनो, तुम्हीपण) दर पावसाळ्यानंतर ब्रॅकेट बघा. खालून बघा, वरून नाही.

---

तिरफळ | २१ एप्रिल, सकाळी १०:००

सगळ्यांचे मनापासून आभार. पण माझा मूळ प्रश्न जरा बाजूला पडलाय. अकरावा मजला. हार्नेस आण म्हणाले आणि त्याने आणला, तर तो बांधायचा कशाला? ग्रिलला?

---

स्पष्टच_सांगतो | २१ एप्रिल, सकाळी १०:२०

ग्रिललाच बांधतात सगळे.

---

गॅसवाला_बंड्या | २१ एप्रिल, दुपारी २:०५

ग्रिलला अजिबात नाही. ग्रिल चोराला अडवायला असतं. चार स्क्रूवर उभं, तेही प्लॅस्टरमध्ये. पडणाऱ्या माणसाचा झटका त्याच्या वजनाच्या कैक पट बसतो, ग्रिल त्याच्यासोबत खाली येतं.

मी असं करतो. खोलीच्या आतल्या दारापलीकडे, म्हणजे पॅसेजच्या बाजूने, दाराच्या चौकटीवर आडवा जाड लोखंडी पाइप. दाराच्या रुंदीपेक्षा दोन्हीकडून हातभर जास्त. त्याला दोर. ओढ बसली की पाइप दोन्ही बाजूंच्या भिंतीवर दाबला जातो, सुटत नाही. दोर सुंभाचा नाही, गिर्यारोहणवाले वापरतात तसला, आणि ढिला सोडायचा नाही. पट्टा पूर्ण अंगाचा, मांड्यांतून आणि खांद्यावरून. नुसता कमरेचा नको, कमरेच्या पट्ट्यावर लटकलेल्या माणसाच्या बरगड्या जातात. नवीन बिल्डिंगमध्ये आउटडोअरसाठी वेगळा डक्ट किंवा कठड्याची बाल्कनी असते, ती असेल तर यातलं काहीच लागत नाही. आधी ते बघा.

माणूस दोन पाहिजेत. आउटडोअर एकट्याने बाहेर सरकवणं म्हणजे ३५ किलोचं बाळ हातात घेऊन भिंतीवर चालणं. त्याला वेगळा दोर. आणि खाली रस्त्यावर कुणी उभं राहू नये म्हणून वॉचमनला सांगा. पाना निसटला तरी अकराव्या मजल्यावरून तो पाना राहत नाही.

पैशाचं बोलतो. दोन माणसं, हार्नेस, दोर बांधायला अर्धा तास, यात मला एका कॉलचे पैसे कमी पडतात. कस्टमर म्हणतो, आधीचा तर पाच मिनिटांत उतरला होता. मी म्हणतो, मग त्यालाच बोलवा. त्यातले निम्मे खरंच त्याला बोलावतात.

---

कुसुमावती | २१ एप्रिल, दुपारी ३:००

म्हणजे त्या मुलाने दोर बांधला नाही यात आपल्या घासाघिशीचाही वाटा आहे. दोनशे रुपये आपणच कापतो.

---

स्पष्टच_सांगतो | २१ एप्रिल, दुपारी ३:४०

मान्य. मी कापले आहेत.

---

चिमणचारा | २१ एप्रिल, दुपारी ४:१५

अवांतर विचारते. दर एप्रिलला आमचा माणूस "गॅस कमी झालाय" म्हणून भरतो. इतका लागतो का?

---

गॅसवाला_बंड्या | २१ एप्रिल, रात्री ११:५०

नाही. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, तोच तो फिरत असतो. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. गळती न शोधता भरणारा पुढच्या एप्रिलची सोय करून जातो. त्याला सांगा, नायट्रोजन भरून साबणाचा फेस लावून लीक दाखव, मग जोड, मग व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा काढ, मग गॅस वजनावर भर.

नायट्रोजनच हां. काही जण टॉर्चचा ऑक्सिजन सिलिंडर जवळ असतो म्हणून तोच पाइपात सोडतात. ऑक्सिजन आणि तेल. वर पंप डाउनचं लिहिलंय त्याचा मोठा भाऊ.

आणि पाइपात गॅस असताना टॉर्च लावला तर गॅस जळून जो धूर होतो तो विषारी असतो, डोळे-घसा जाळतो. खोलीत तिखट झोंबणारा वास आला की खिडकी उघडा आणि सगळे बाहेर. तोंडाला रुमाल बांधून बघत उभं राहायचं नाही. सुटलेल्या द्रव गॅसचा फवारा हातावर आला तर कातडी गोठते, आर-३२ उणे ५२ डिग्रीला उकळतो. चोळू नका, कोमट पाण्यात हात धरा, मग डॉक्टर.

---

दुसरा_नियम | २२ एप्रिल, सकाळी ८:३०

इतक्या धाग्यात कुणी "एसी २४ वर ठेवा" लिहिलं नाही याचं आश्चर्य वाटलं. २०२० च्या जानेवारीपासून भारतात नवीन एसी सुरू होताना २४ वरच सुरू होतो, तसा नियमच आहे. आमच्याकडे दोह्यात लोक १८ वर लावून दुलई घेतात.

---

वऱ्हाडी_ठेचा | २२ एप्रिल, सकाळी ९:१०

अकोल्यात २४ लिवलं तरी ३१ च येते.

---

तिरफळ | २७ एप्रिल, रात्री ९:३५

अपडेट देते, तुम्हा सगळ्यांना देणं लागते.

तोच मुलगा आला. दुसरा शोधणार होते, पण मग वाटलं की त्याला नाही बोलावलं तर तो दुसऱ्या कुणाला तरी पट्टा धरायला लावणार. फोनवरच सांगितलं: दोन माणसं, हार्नेस, गेज, व्हॅक्यूम पंप, त्याचे जे होतील ते पैसे. आधी हसला. मग म्हणाला, "ताई, हार्नेस आहे, दुकानात खुंटीला आहे. कुणी मागत नाही."

हॉलचं आउटडोअर डक्टमध्ये गेलं, कठडा छातीपर्यंत, काही प्रश्न नाही. बेडरूमचं मात्र खिडकीखाली. दाराला आडवा पाइप लावायची आयडिया मी सांगितली तेव्हा त्याने माझ्याकडे असं बघितलं की मीच आयटीआयला त्याच्या पुढच्या बाकावर होते. पाइप नव्हता. बाबांनी गावाकडून आणलेली पहार निघाली, तिला दोर. भिंत ब्लॉकची निघाली, म्हणून ब्रॅकेटचे बोल्ट आरपार घालून आतून पट्टी लावली. एमसीबीवर मी टेप मारली आणि चिठ्ठी लिहिली, "माणूस बाहेर आहे". बाबा दोनदा तिथपर्यंत जाऊन चिठ्ठी वाचून परत आले.

व्हॅक्यूम पंप वीस मिनिटं चालू होता. तेवढ्यात त्याला पंप डाउनचं डिझेल इंजिन सांगितलं. त्याला कुणी हे सांगितलंच नव्हतं. उस्तादाने "पटकन बंद करायचं" इतकंच शिकवलं होतं, का ते नाही. आयटीआय वगैरे नाही, चुलत्यासोबत कामाला लागला तेव्हा सोळा वर्षांचा होता.

एसी गार करतोय. फक्त बेडरूमच्या इनडोअरमधून उजव्या कोपऱ्यात पाणी टपकतंय, थेंब-थेंब. हे काय असेल?

---

गॅसवाला_बंड्या | २७ एप्रिल, रात्री ११:४०

ड्रेन पाइपला उतार नसेल, किंवा युनिट उजवीकडे कललंय. फोटो टाका. उद्या त्याच मुलाला बोलवा, पैसे घेणार नाही तो. तोवर एसी बंद ठेवा.

---

तिरफळ | २७ एप्रिल, रात्री ११:४६

फोटो टाकते. खाली बादली लावली आहे.

---

गॅसवाला_बंड्या | २७ एप्रिल, रात्री ११:४८

प्लग पॉइंट कोणत्या बाजूला आहे? उजव्या का?

---

तिरफळ | २७ एप्रिल, रात्री ११:५१

उजव्या. प्लग काढला. दिसतोय डोळ्याला.